तीळ कोणत्या गालावर

नेकनूर, आश्विन शुद्ध ४, शके १८४०

राजमान्य राजश्री शहादेवराव जिनगर, मुक्काम तेलगाव, यांस त्रिंबक चिताऱ्याचा बसल्या जागेवरून नमस्कार.

बसल्या जागेवरून म्हणतो, कारण आज सहा दिवस मी घरात बंद आहे. आमच्याकडे मानमोडीचा ताप आला आहे आणि सरकारी कागदाप्रमाणे नेकनुरात एकच घर आजारी आहे, हे तुमच्या कानावर आलंच असेल. ते घर माझं. मी मात्र ठणठणीत आहे. कसं ते सांगतो.

साथ सुरू झाली तसा वरून हुकूम आला, की ज्या घरात ताप असेल त्याच्या दारावर गेरूचं वाटोळं आणि आत फुली काढावी, म्हणजे लोक तिकडे फिरकणार नाहीत. सुंदरराव पाटलांनी मला चावडीवर बोलावलं. म्हणाले, "त्रिंबक, लग्नाच्या घरावर तू हत्ती काढतोस, मोर काढतोस. एक वाटोळं काढाया तुला काय जड हाय? पर नीट काढ. सायेब लोक बगणार हायेत."

आता तुम्ही खोगिरं शिवत असलात तरी आपली जात रंगाचीच. तुम्हीच सांगा, नवा कालवलेला रंग कुणी आधी परक्याच्या दारावर लावून बघतो का? मी डिंक नीट पडला की नाही ते बघायला माझ्याच दारावर एक नमुना काढला आणि तो वाळेपर्यंत ओट्यावर चिलीम ओढत बसलो. तेवढ्यात घोड्यावरून दारोगासाहेब आले. त्यांनी खूण बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि चिलमीच्या धुरानं मला नेमका तेव्हाच खोकला आला. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, हा नमुना आहे." साहेब म्हणाले, "नमुना अच्छा है." आणि दारात बाभळीच्या काट्या लावून गेले.

खूण पुसावी तर नियम असा, की ज्याचा रंग त्यानंच ती चावडीवरून परवाना आणून पुसायची. रंग माझा. मला चावडीवर जायला बंदी. दुसऱ्या घरांवर खुणा कराव्यात तर तेही काम माझ्याच नावावर लिहिलेलं. म्हणून घरोघर माणसं कण्हत आहेत आणि खूण एकाच दारावर आहे. पाटील रोज काट्यांपलीकडून विचारतात, "रोगी कसा हाय?" मी म्हणतो, भूक लागली आहे. ते लिहून घेतात, रोग्यास भूक लागू लागली. पण बरा झाला असं लिहीत नाहीत. म्हणतात, जो आजारी पडलाच न्हाई, त्याला बरा कसा लिव्हू? शेजारच्या छबुबाई भिंतीवरून काठीला फडकं बांधून भाकरी सोडतात, त्यावर चाललं आहे.

तुमच्या बहिणीला सांगा, काळजी करू नये. श्रावणात तेलगावच्या बाजारात जो थोडा घोटाळा झाला, तो आता मनातून काढावा आणि साथ सरली की घरी यावं. घर फार मोठं वाटतं.

आपला, त्रिंबक

तेलगाव, आश्विन शुद्ध ११

त्रिंबकदाजींना शहादेवचा लांबून नमस्कार. तुम्ही आजारी नाही यावर आमचा विश्वास आहे, तरी लांबून.

तुमचं पत्र मी अक्काला चुलीपाशी बसून वाचून दाखवलं. नमुन्याच्या गोष्टीला ती हसली. मग "थोडा घोटाळा" हे शब्द आले आणि तिनं तवा आपटला. दाजी, मी तुमचा मेव्हणा, मला बहिणीची बाजू घेतलीच पाहिजे, म्हणून तो घोटाळा केवढा होता ते इथं पुन्हा लिहितो.

पंचमीला आलेल्या अक्काला तुम्ही न्यायला आलात. बाजारातून तुम्ही पुढं, ती मागं, डोक्यावरून पदर, बोलणं नाही; इथवर सगळं रीतीप्रमाणे. पण गाडीपाशी पोचलात तेव्हा तुमच्या मागं दुसरीच बाई होती. तुम्ही मागं न बघता "बस" म्हणालात. ती बसली. तिसऱ्या गावच्या विहिरीवर बैलांना पाणी पाजताना तुम्हाला कळलं, तेही तिनं तोंड धुतलं म्हणून. त्या बाईचं मी समजू शकतो. ती म्हणाली म्हणे, "मला वाटलं, आज मालकांनी गाडी केली." तिलाही आपला नवरा ओळखता आला नाही. पण ती काही चितारी नव्हे.

अक्का बाजाराच्या तोंडाशी उभी राहून तुमची गाडी जाताना बघत होती. हाक मारायची तर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? म्हणून उलट्या पावली घरी आली.

आता तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो: "त्यांना लिव्ह, अकरा वर्सं झाली लग्नाला. माझ्या गालावर तीळ हाय, तो कंच्या गालावर, एवढं सांगा. सांगितलं की मी आपल्या पायानं येते. न्हाईतर ज्या बाईला गाडीत बसिवली, तिलाच आणा रंग घोटाया."

मी नुसता लिहिणारा आहे. मला यात ओढू नका.

शहादेव

नेकनूर, आश्विन वद्य २

शहादेवरावांस नमस्कार.

तुमचं पत्र आल्यापासून मी दोन दिवस डोळे मिटून बसलो होतो. पाटलांनी लिहून घेतलं, रोगी डोळे उघडत नाही.

खरं सांगू का, मला तीळ आठवेना. आधी वाटलं उजवा. मग वाटलं डावा. मग वाटलं, चित्र काढू लागलो की हाताला आपोआप आठवेल. अंगणातली मधली भिंत कोरी होती. लग्नसराई गेली, रंग घरात पडून होते, आणि मला कुठं जायचं होतं? चुन्याचा हात दिला आणि बसलो.

तोंड काढलं. झाली लक्ष्मी. पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा लक्ष्मी. शहादेवराव, आमच्या घराण्यात बाईचं तोंड एकच. मला वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. लक्ष्मी असो, नवरी असो, कलश घेतलेली करवली असो, भांगापासून सुरू करून हनुवटीवर यायचं, ठरल्या मापात, डोळे मिटून सुद्धा काढता येतं. आजवर कुठल्या लग्नघरातून तक्रार आली नाही. आता अकरा वेळा तुमची बहीण काढायला गेलो आणि अकरा वेळा वडिलांनी शिकवलेली बाई माझ्याकडे बघून हसली. मला तिचा राग येऊ लागला आहे.

म्हणून तोंड सोडून दिलं आणि बाकीचं काढायला घेतलं. आणि काय सांगू, हात असे उतरले की मीच बघत राहिलो. ती पाट्यावर रंग घोटते तेव्हा उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकतो. वरवंट्यानं तो तसाच झाला आहे. करंगळीच्या नखात नीळ बसलेली असते, ती सणालासुद्धा निघत नाही. मनगटावर पळीचा चटका आहे. हे सगळं मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. रंगाची वाटी मला द्यायची म्हणून ते हात रोज माझ्यासमोर येत होते, म्हणून असेल. वाटीच्या वर मी कधी बघितलं नाही. घरात आई होती तोवर बघायची सोय नव्हती, आणि आई गेली तोवर सवय मोडली.

आता भिंतीवर दोन हात आहेत, पाय आहेत, लुगड्याचा काठ आहे, वर काही नाही. तुम्ही मला मापं पाठवा. कपाळ किती, नाक किती, हनुवटी किती. बाकी मी बघून घेतो. आणि तीळ बहुतेक उजव्या गालावर.

आपला, त्रिंबक

तेलगाव, आश्विन वद्य ९

दाजींना नमस्कार.

"बहुतेक" या शब्दावर अक्का म्हणाली, "भाजी घेताव का बाजारात?" उत्तर नापास.

पण हातांचं मी वाचलं तेव्हा ती आपलं नख बघत बसली, आणि मग गाईला पाणी दाखवायचं आहे म्हणून उठून गेली. गाईला पाणी मी तिच्यासमोरच दाखवलं होतं.

मापांसाठी मला खोटं बोलावं लागलं. म्हटलं, इथल्या पाटलांच्या घोडीच्या तोंडाला नवी म्होरकी करायची आहे, घोडी बाहेरगावी आहे, तू जरा तोंड वर करून उभी राहा. "घोडी एवढी बारीक हाय का?" असं तिनं विचारलं, पण उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट करून उभी राहिली, हेही लिहितो.

सोबत गाठी मारलेला दोरा पाठवतो आहे. घोड्याची मापं घेतो तशीच सगळी ओळीनं घेतली आहेत, एका गाठीपासून दुसरीपर्यंत एक माप. दोऱ्याला घोड्याच्या घामाचा वास आहे. तो अक्काचा समजू नका.

इथंही आता ताप आला आहे. आमच्या गल्लीत तीन घरं झोपली आहेत. तुमच्याकडे एकच असेल तर जपा.

शहादेव

नेकनूर, कार्तिक शुद्ध ४

शहादेवरावांस नमस्कार.

दोरा पोचला. मी भिंतीला लावून एकेक गाठ मोजत गेलो आणि मापाबरहुकूम तोंड काढलं. खोटं कशाला लिहू, तुमच्या बहिणीचं कपाळ दोन बोटांचं आणि हनुवटी चार बोटांची असेल असं मला वाटलं नव्हतं. पण मी कोण बोलणार? माझंच लक्ष नव्हतं. एवढं मात्र खरं, की पहिल्यांदाच लक्ष्मी झाली नाही. वडिलांची बाई गेली म्हणून मला इतका आनंद झाला की मी भिंतीला पेढा लावणार होतो. पेढा नव्हता, म्हणून भाकरीचा तुकडा ठेवला.

तीळ दोन्ही गालांवर काढला आहे. एक तरी बरोबर येईल. डोळे मात्र काढले नाहीत. दोऱ्यात डोळे येत नाहीत.

आता पुढचं वाचताना बहीण जवळ नसेल असं बघा.

छबुबाई भाकरी सोडायला भिंतीवर चढल्या आणि त्यांनी चित्र बघितलं. लांब तोंड, डोळे नाहीत, गालांवर दोन ठिपके, मोठे हात, पुढ्यात भाकरीचा नैवेद्य. त्यांनी काठी टाकली आणि भिंतीवरूनच दोन्ही हात जोडले. "मरीआई आली बया." मी ओरडून सांगितलं, "मावशी, ही आमची मंडळी आहे." त्या म्हणाल्या, "आरं, समद्यांचीच हाय ती." दुर्दैव असं, की छबुबाईंच्या सुनेचा ताप त्याच दुपारी उतरला.

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. दारात काट्या, म्हणून लोक छबुबाईंच्या अंगणातून शिडीवर चढतात आणि तिथून नारळ टाकतात. पहिला नारळ माझ्या खांद्याला लागला. खण येतात, लिंबं येतात, लुगडी येतात. मी भिंतीच्या अलीकडून मडक्यावर उभा राहून बायांच्या हातावर अंगारा ठेवतो. ठेवला नाही तर त्या शिडीवरून उतरत नाहीत. गावातल्या सगळ्या बाया आता गालांवर काजळाचे दोन ठिपके लावून फिरतात, ताप येत नाही म्हणून. पाटलीणबाईसुद्धा.

दारोगासाहेब परत येऊन गेले. महिनाभरात एकच घर आजारी राहिलं म्हणून त्यांनी नेकनूरचं नाव चांगल्या गावांत वर कळवलं आहे. पाटील खूश आहेत. मला म्हणाले, "घाई करू नकोस बरा व्हायची."

आपला, त्रिंबक

तेलगाव, कार्तिक शुद्ध १०

दाजी,

बहीण जवळच होती. आणि तुमचं पत्र यायच्या आधीच नेकनूरचा एक बैलवाला बाजारात देवीचं वर्णन करून गेला होता.

पहिलं माझं. आम्ही जिनगर घोड्याचं माप जबड्यापासून सुरू करतो आणि वर कानाकडे नेतो. तुम्ही भांगापासून खाली आलात. तुम्ही माझ्या बहिणीची हनुवटी कपाळावर आणि कपाळ हनुवटीवर चढवलंत. हे मी लिहायला हवं होतं, आणि तुम्ही विचारायला हवं होतं. आणि एकदा जरी बघितलं असतं, तर दोरा हातात धरूनच कळलं असतं.

दुसरं अक्काचं: "त्यांना लिव्ह. अकरा वर्सं मी पाट्यावर रंग घोटला. कुणी माझ्यापुढं फूल ठिवलं न्हाई. मागच्या संक्रांतीला लुगडं मागितलं, तर म्हणाले बगू. अन् आता भितीला लुगडी नेसवायला लागले. मी जित्ती हाय, मला नारळ कावून? अन् दोनी गालांवर तीळ काढला. म्हंजे त्यांना म्हाईतच न्हाई. म्हाईत न्हाई असं म्हणायची तरी हिंमत पायजे माणसात."

हे बोलताना ती मध्येच थांबली आणि भिंतीला टेकली. म्हणाली, डोकं दुखतंय. रागानं असेल.

शहादेव

तेलगाव, कार्तिक वद्य १

दाजी,

रागानं नव्हतं. अक्काला ताप येऊन आज सहा दिवस झाले. उतरत नाही. अंगाची लाहीलाही होते, पाणी ठरत नाही. वैद्य स्वतःच आजारी आहेत. केस फार गळतात म्हणून काल आईनं ते कापून टाकले.

ती तापात एकच बोलते, "रंग वाळला का बगा."

तो दोरा जाळून टाका. त्या मापाचा चेहरा आता राहिला नाही. जमेल तर या.

शहादेव

नेकनूर, कार्तिक वद्य ६

शहादेवराव,

तुमचं पत्र काल मिळालं. वाचलं आणि मी काट्यांवरून उडी मारली. पाय फाटला आहे, फार नाही. ओढ्यापर्यंत पळालो. तिथं धुणं धूत असलेल्या बायांनी ओरडा केला, की देवीचा पुजारी पळाला, आता देवी पण जाणार. निम्मं गाव मागं आलं. ज्यांना उठवत नव्हतं तेही आले. मी सांगितलं, माझी बायको मरणाच्या दारात आहे, सोडा. सटवा कोतवाल म्हणाला, "तिच्यासाठीच चल बे मागं. देवीच्या पाया पड, बरी हुईल." मला हलगी वाजवत परत आणलं. पाटलांनी नव्या काट्या लावल्या. म्हणाले, "तू गेलास तर गावातला एकुलता एक रोगी मेला का पळाला, काय लिव्हू मी?"

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

मग गाव पांगलं. मी भिंतीसमोर बसून राहिलो. वर तिचं ते उलटं झालेलं तोंड, खाली तिचे हात. शहादेवराव, कुणाला सांगू नका, मी त्या हातांवर डोकं ठेवलं. मीच काढलेले, मला माहीत आहे त्यात चुना आणि नीळ आहे. तरी ठेवलं आणि म्हणालो, हिला वाचव. कुणाला म्हणालो ते मला कळलं नाही. तिलाच म्हणालो बहुतेक.

ती शुद्धीवर असेल तर एवढं तिला वाचून दाखवा. तीळ कोणत्या गालावर आहे ते मला माहीत नाही. उजवा नाही, डावा नाही, मला माहीतच नाही. अकरा वर्षांत मी कधी बघितलं नाही. हे उत्तर आहे. नापास करायचं तर कर, पण मरू नकोस.

हे शेवटचं वाक्य तुम्हाला नाही, तिला आहे.

त्रिंबक

नेकनूर, मार्गशीर्ष शुद्ध ५

चिरंजीव शहादेवास अक्काचे आशीर्वाद. आईच्या पायावर डोकं.

सांगते मी, लिव्हतात हे. मी म्हणलं, बोलते तसंच लिव्हा, मधी शहाणपण करू नका. (अक्षर माझं, तक्रार हिची. त्रिंबक)

शहादेवा, मी धड पोचले. ताप गेला तरी अंगात जोर न्हाई, गाडीत दोनदा पडून ऱ्हायले, पर पोचले. तू गाडीवानाला सांगितलं व्हतं, थेट दारात सोड. मीच त्याला म्हणलं, मला ओढ्यापाशी उतरव. का ते तुला म्हाईत हाय. पत्रात माणूस काय बी लिव्हतं. मला डोळ्यानं बगायचं व्हतं.

दारात गेरूचं वाटोळं अन् काट्या. छबुमावशीच्या अंगणात बायांची रांग. मी डोक्यावरून पदर घेतला, छातीपर्यंत, अन् रांगेत उभी ऱ्हायले. पुढची बाई मागं वळून म्हणली, "कुण्या गावची गं? गालाला ठिपके लावलेस का? त्याबिगर देवी पावत न्हाई." मी काय बोलणार? माझीच देवी.

शिडीवर चढाया मला दम लागला. वर गेले तर भितीवर ते ध्यान दिसलं. शहादेवा, घोडीला बी शोभलं नसतं ते तोंड. पर हात बगितले. माझेच व्हते रे. नखातली नीळ सुद्धा.

खाली हे मडक्यावर उभे, दाढी वाढलेली, वर न बगता एकेकीच्या हातावर अंगारा ठिवताव. (कंटाळा आला होता.) मी हात पुढं केला. बोलले न्हाई, खाकरले न्हाई, पदर हलू दिला न्हाई.

अंगारा ठिवता ठिवता हे थांबले. माझा अंगठा बगितला. मंग नख बगितलं. अंगाऱ्याची वाटी खाली पडली.

अन् म्हणाले, "भिवरा."

समद्या गावासमोर. बायकोचं नाव. छबुमावशीनं तोंडाला पदर लावला. मागची बाई शिडीवरून खाली उतरली लाजंनं. अकरा वर्सांत त्यांच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. बरं वाटलं ऐकाया. (मलाही म्हणायला बरं वाटलं.)

मी पदर काढला. डोक्यावर बोटभर केस, गालफडं बसलेली. म्हणलं, बगा आता. तीळ कंच्या गालावर?

हे बगत ऱ्हायले. रांग खोळंबली. एक बाई म्हणली, आवरा की. ह्यांनी उजवा गाल बगितला, डावा बगितला, हनुवटी बगितली, परत उजवा बगितला. मंग म्हणाले, "न्हाईच की."

न्हाईच रे शहादेवा. कुठं हाय मला तीळ? तुला म्हाईत व्हतं, तरी गप बसलास, देव तुझं भलं करो. मी म्हणलं, पहिल्याच पत्रात हे लिव्हलं असतं तर पंधरा दिवसांत आले असते. ह्यांना राग आला. (अजून आहे.)

मंग खुणेचं निघालं. मी आत जाया लागले तर पाटील पळत आले. म्हणाले, खूण हाय तवर आत जाता येणार न्हाई, अन् खूण ज्याचा रंग त्यानंच पुसायची. मी म्हणलं, पाटील, हा गेरू पंचमीच्या आदी पाट्यावर कुणी घोटला? तुमच्या समोर बी घोटलाय मी. मंग रंग कुणाचा? पाटील कागद उलटेपालटे कराया लागले. त्यांना कागदात जागा सापडंना. मी लुगड्याचा पदर पाण्यात बुडिवला अन् पुसून टाकली. पाटलांनी लिव्हून घेतलं, रोग्याची बायको आली, रोगी बरा.

आता इथं एकच अडचण हाय. हे भितीवरचं तोंड नीट करतो म्हणतात, अन् गाव हात लावू देईना. बाया माझ्याकडं बगून म्हणताव, तुमी काय तशा दिसत न्हाई. म्हणून मी सकाळी गालांवर काजळाचे दोन ठिपके लावते, मंग मला माझ्या घरात पाणी भरू देतात. ताप बी गावात उतरलाय. आलेली लुगडी मी तापातून उठलेल्या बायांना वाटली. एक ठिवलं. संक्रांतीचं.

डोळे तेवढे काढायचे ऱ्हायलेत. त्याला गाव न्हाई म्हणत न्हाई. म्हणून हे रोज दुपारी मला समोर बसिवताव अन् बगत बसताव. भाकरी करपली तरी बगताव. काल म्हणलं, एवढं काय बगता, दोन डोळे तर हायेत. म्हणाले, सोपं न्हाई, रोज निराळे दिसतात, वर्स लागंल.

मी म्हणलं, लागू द्या. मी आता कुठं जात न्हाई.